बॉलजवळ जायच्या आधी: गोल्फचं प्री-शॉट रुटीन नेमकं कसं बसवायचं

रेंजवर (सरावाच्या मैदानावर) सात नंबर आयर्न, म्हणजे लोखंडी डोक्याचा क्लब, झकास लागतो आणि कोर्सवर पहिल्याच होलला तोच सात नंबर उजवीकडे झाडीत जातो, हे ज्यांचं होतं त्यांच्यासाठी हे लिहितोय. गेली काही वर्षं रविवारच्या फोरबॉलमध्ये (चौघांच्या खेळात) मी एकच गोष्ट सारखी बघतोय, लोक स्विंगवर वेळ घालवतात, पैसे घालवतात, पण स्विंग सुरू व्हायच्या आधीचा अर्धा मिनिट मात्र कसाही जातो. कुणी बॉलवर उभं राहिल्यावर सहा नंबर (सातपेक्षा लांब मारणारा) घ्यायला हवा होता का असा विचार करतं, कुणी चार प्रॅक्टिस स्विंग मारतं आणि पाचवा खरा शॉट त्याच झोकात उरकून टाकतं, कुणी आधी पाय रोवून मग वळून वळून फ्लॅग शोधत बसतं. आणि ज्यांना वाटतं की आपलं रुटीन आहे, त्यांचंही बऱ्याचदा टीव्हीवरून उचललेलं असतं, ग्लोव्हची पट्टी दोनदा ओढायची, टोपी नीट करायची, क्लब तीनदा हलवायचा. ह्या सवयींनी बॉल सरळ जात नाही हो.

रुटीनची कामं तीन. ठरवणं, निशाणा लावणं, आणि ठरवलेलं डोक्यात ताजं असतानाच मारणं. ह्याच क्रमानं. सगळ्या चुका शेवटी ह्या क्रमाच्या चुका असतात, म्हणजे निशाणा लावताना ठरवणं चाललेलं असतं, किंवा मारताना निशाणा लावणं चाललेलं असतं. खाली जे आहे ते उजव्या हाताने खेळणाऱ्यांच्या हिशोबानं आहे, डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं वाचा.

तयारी: कोर्सवर जायच्या आधीची तीन कामं

पहिलं काम, स्वतःची खरी अंतरं. बहुतेकांना आपला सात नंबर किती जातो विचारलं की आयुष्यात सगळ्यात लांब गेलेला बॉल आठवतो. रेंजवर एका क्लबचे पंधरा बॉल मारा, सगळ्यात चांगले दोन आणि सगळ्यात वाईट दोन-तीन सोडून द्या, उरलेले साधारण कुठे पडतात ते बघा. कुठे थांबतात ते नाही, कुठे पडतात ते, कारण पाणी किंवा बंकर (वाळूचा खड्डा) ओलांडताना पडण्याचंच अंतर कामाला येतं. रेंजचे बॉल घासलेले असतात, जरा कमी जातात, तेवढं धरून चाला. हे आकडे एका कार्डावर लिहून बॅगेत ठेवा. ही यादी नसेल तर पुढचा एकही टप्पा नीट होणार नाही, कारण क्लब निवडताना मनात शंका राहणारच आणि तीच शंका घेऊन तुम्ही बॉलवर उभे राहणार.

दुसरं काम, तुमचा कुठला डोळा जोरात आहे ते बघणं. दोन्ही हात लांब करून दोन्ही पंज्यांत छोटासा झरोका करा, त्यातून लांबची एखादी वस्तू बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्यानं वस्तू झरोक्यातच राहते तो तुमचा. बॉलच्या मागे उभं राहून लाइन बघताना तो डोळा लाइनवर आला पाहिजे, नाक लाइनवर नसलं तरी चालेल.

तिसरं काम थोडं नकोसं आहे. तुम्ही आत्ता निशाणा कुठे लावता ते मोजा. रेंजवर दीडशे यार्डाच्या बोर्डाकडे नेहमीसारखे उभे राहा आणि मित्राला सांगा की माझ्या पायांच्या टोकांना लागून एक क्लब जमिनीवर ठेव, मग मागे येऊन तो क्लब कुठे बघतोय ते बघा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा माझा क्लब बोर्डाच्या चांगला वीस यार्ड उजवीकडे बघत होता, आणि त्याआधीचं वर्षभर मी बॉल ओढून डावीकडे आणायचा स्विंग शिकत होतो, म्हणजे चुकीच्या निशाण्याला जुळवून घेणारा स्विंग. ते वर्ष गेलं ते गेलं.

आकड्यात बघा. दीडशे यार्डावर निशाणा फक्त ५ अंश चुकला तर बॉल १३ यार्ड बाजूला जातो. म्हणजे स्विंग अगदी परफेक्ट लागला तरी बंकरमध्ये. ५ अंश म्हणजे घड्याळात मिनिट काट्याच्या एका मिनिटापेक्षाही कमी, उभं राहिल्यावर ते कळतही नाही.

तपासा: पायांची रेघ टार्गेटकडे बघायची नसते. रेल्वेचे दोन रूळ डोळ्यासमोर आणा. बॉल उजव्या रुळावर, तो रूळ टार्गेटला जातो. तुमचे पाय डाव्या रुळावर, तो टार्गेटच्या जरा डावीकडून समांतर जातो. पाय, गुडघे, खांदे टार्गेटकडेच लावले की क्लबफेस (क्लबची बॉलला लागणारी बाजू) आपोआप उजवीकडे बघायला लागतो, आणि बहुतेकांचं नेमकं हेच होतं.

टप्पा १: बॅगजवळ, माहिती गोळा करणं

हे काम तुमची पाळी यायच्या आधी सुरू करायचं. दुसरा मारत असताना तुम्ही त्याच्या नजरेत न येता आपल्या बॉलच्या बाजूला उभे राहून बघू शकता, आणि हे केलं नाही तर पुढचं सगळं घाईत होतं.

आधी लाय, म्हणजे बॉल कसा पडलाय ते, बघा, अंतर नंतर. लोक उलटं करतात, रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) काढतात, १४८ आला की लगेच सात नंबर बाहेर, आणि मग खाली बघतात तर बॉल हरळीत बुडालेला. लाय ठरवते की कुठला क्लब शक्य आहे, अंतर त्याच्यानंतर. बॉलच्या मागे गवत किती आहे, जमीन ओली आहे का, उतार कुठे आहे. बॉल पायांपेक्षा वर असेल तर डावीकडे जायला बघतो, खाली असेल तर उजवीकडे. चढावर उभे असाल तर बॉल उंच जातो आणि कमी जातो, एक क्लब जास्त, म्हणजे सातऐवजी सहा, घ्या. उतारावर खाली निघतो आणि धावतो.

मग अंतर. कोर्सवरच्या खुणा ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) मधोमधपर्यंत मोजलेल्या आहेत की पुढच्या काठापर्यंत, हे स्कोअरकार्डावर एकदा वाचून घ्या, कोर्सप्रमाणे बदलतं. फ्लॅगपर्यंतचं अंतर एक, आणि पुढच्या बंकरच्या पलीकडच्या काठापर्यंतचं दुसरं, असे दोन आकडे पाहिजेत. एकच आकडा असला की आपण फ्लॅगवरच मारतो आणि जरा कमी लागला की वाळूत.

शेवटी वारा. गवत उडवून कळतं ते तुमच्या गुडघ्यापाशीचं, बॉल मात्र झाडांच्या वर जाणार आहे. म्हणून निलगिरीचे, नारळाचे शेंडे बघा आणि फ्लॅग बघा, दोन्ही एकच सांगत असतील तर विश्वास ठेवा. मुंबईकडे दुपारनंतर समुद्रावरचं वारं सुरू होतं, तेव्हा सकाळच्या राउंडचे क्लब दुपारी चालत नाहीत. आणि पुण्याचं गाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, तिथे तोच शॉट मुंबईपेक्षा दोन-चार यार्ड जास्त जातो, मुंबईला खेळायला गेलात की सगळंच थोडं कमी पडतंय असं वाटतं ते त्यामुळे, स्विंग बिघडलेला नसतो.

कॅडी (बॅग उचलणारा मदतनीस) असेल तर हे सगळं त्याला विचारा, पण प्रश्न नीट विचारा. "दादा, कुठला मारू?" असं विचारलं की तो तुमच्या मागच्या चांगल्या शॉटवरून सांगणार. "दादा, वारा किती धरू? पलीकडे गेला तर कुठे जाईल?" हे विचारा. बरेच कॅडी लहानपणापासून तोच कोर्स बघत आलेले असतात, ग्रीनच्या मागे उतार कुठे आहे हे त्यांना पाठ असतं. क्लब तुम्हीच ठरवायचा.

टप्पा २: एक क्लब, एक टार्गेट, आणि मोठ्यानं बोलणं

माहिती गोळा झाली की निर्णय. मी सगळ्यांना सांगतो की निर्णय तोंडानं बोला, पुटपुटलात तरी चालेल. "सात नंबर, ग्रीनच्या मागचा गुलमोहर, त्याची डावी फांदी." वाक्य पूर्ण बोलता आलं तर निर्णय झाला. "सात… किंवा सहा हळू…" असं आलं तर झालेला नाही, अजून बॅगजवळच थांबा.

टार्गेट लहान पाहिजे. "फेअरवेच्या मध्ये" हे टार्गेट होत नाही, फेअरवे (टीपासून ग्रीनपर्यंतचा कापलेला पट्टा) तीस यार्ड रुंद असतो. फेअरवेच्या पलीकडचा विजेचा खांब, एखादं वेगळं दिसणारं झाड, क्लबहाउसच्या छताचा कोपरा, असं काहीतरी जे बोटानं दाखवता येईल. आणि टार्गेट म्हणजे जिथे जायला पाहिजे ते. "पाण्यात नको" असं मनात म्हटलं की डोळे पाण्याकडेच जातात आणि अंग पाण्यापासून पळायला बघतं, मग बॉल दुसऱ्या टोकाला.

दोन क्लबमध्ये अडकलात तर? माझं मत, हौशी खेळाडूनं मोठा (लांब मारणारा) क्लब घ्यावा आणि नेहमीचाच स्विंग करावा. छोटा क्लब जोरात मारण्यापेक्षा हे नव्वद टक्के वेळा बरं पडतं, हे मी कुठे मोजलेलं नाहीये, पण तुमच्याच शेवटच्या पाच राउंडमध्ये बॉल ग्रीनच्या अलीकडे किती पडले आणि पलीकडे किती ते आठवून बघा.

सावध: हा निर्णय बॉलवर उभं राहिल्यावर बदलायचा नाही. बदलावासा वाटला तर परत बॅगजवळ. पुढे त्याबद्दल सविस्तर आहेच.

टप्पा ३: बॉलच्या मागे, चित्र आणि खूण

आता क्लब हातात घेऊन बॉलच्या मागे तीन-चार पावलं जा, बॉल आणि टार्गेट एका रेघेत येईल असे. पिया नीलसन आणि लिन मॅरियट ह्या दोन नावाजलेल्या कोच इथे जमिनीवर एक काल्पनिक रेघ आखायला सांगतात, रेघेच्या मागे विचार, पुढे फक्त खेळ. मला हे फार पटलं. सुरुवातीला मी रेंजवर खरोखरच एक स्टिक आडवी टाकून ती ओलांडायचो, पंधरा दिवसांत सवय लागली.

रेघेच्या मागे उभं राहून बॉलचा मार्ग बघा, कुठे सुरू होईल, किती उंच, कुठे पडेल. काही लोकांना चित्र दिसत नाही, मलाही फार स्पष्ट दिसत नाही. मग हातात जाणवू द्या, किंवा नुसतं म्हणा "उंच, जरा डावीकडे वळत." चित्रच दिसलं पाहिजे असा हट्ट धरून लोक तिथे वीस सेकंद उभे राहतात, तसं करू नका.

मग खूण. बॉल आणि टार्गेटच्या रेघेवर, बॉलच्या पुढे दोन-तीन फुटांवर काहीतरी शोधा, तुटकी टी (बॉल ठेवायची खुंटी), जुना डिव्हट (क्लबनं गवत उडालेला खड्डा), वेगळ्या रंगाचं गवताचं पातं. अमेरिकेचे दिग्गज गोल्फर जॅक निक्लॉस हेच करायचे, आणि सगळ्या रुटीनमधली एकच गोष्ट शिकायची असेल तर मी हीच सांगेन. दीडशे यार्डावरच्या झाडाला काटकोनात क्लबफेस लावणं डोळ्याला अवघड जातं, कारण बॉलच्या बाजूला उभे राहिल्यावर आपण तिरके बघतो. तीन फुटांवरच्या टीला लावणं सोपं.

इथल्या नेहमीच्या चुका:
खूण फार लांब घेतात, आठ-दहा फुटांवर, मग ती बघायला मान उचलावी लागते आणि खांदे उघडतात.
वाळलेलं पान खूण म्हणून घेतात आणि ते वाऱ्यानं सरकतं. जमिनीत रुतलेलंच काहीतरी घ्या.
खूण मिळाली नाही म्हणून स्वतः टी किंवा फांदी ठेवतात. राउंडमध्ये हे नाही चालत. पाय जुळवायला जमिनीवर क्लब किंवा काही ठेवलंत तर दोन स्ट्रोकचा दंड, आणि मारायच्या आधी उचलून घेतलं तरी २०१९ पासूनच्या नियमात सुटका नाही. स्टिक वगैरे फक्त रेंजवर.

टप्पा ४: प्रॅक्टिस स्विंग, एक, फार तर दोन

प्रॅक्टिस स्विंग कशासाठी करताय हे माहीत नसेल तर करूच नका. त्याची कामं दोनच, गवतातून क्लब कसा जातोय ते बघणं आणि ह्या शॉटला लागेल तेवढा वेग अंगात आणणं. म्हणून स्विंग त्याच गवतात, त्याच उतारावर, पूर्ण फिनिशपर्यंत. लोक कोरड्या हवेत पटापट दोन अर्धे स्विंग मारतात, त्यातून अंगाला काहीच कळत नाही. क्लब जमिनीला कुठे लागला ते बघा, उतारावर तो चढाच्या बाजूला लागतो, मग बॉल स्टान्समध्ये (पायांच्या मधल्या जागेत) तेवढा सरकवा.

स्विंगमध्ये दुरुस्ती करायची ही जागा नाही. "कोपर आत, डोकं खाली, कंबर आधी", ते सगळं रेंजवर ठेवा.

सावध, इथे दंड बसतात:
बॉलच्या अगदी जवळ प्रॅक्टिस स्विंग करताना क्लब लागून बॉल हलला तर फेअरवेवर किंवा रफमध्ये एक स्ट्रोक दंड, आणि बॉल परत जागेवर. म्हणून एक पाऊल मागे किंवा बाजूला.
बंकरमध्ये प्रॅक्टिस स्विंगला वाळू लागली तर दोन स्ट्रोक. बंकरचा प्रॅक्टिस स्विंग बाहेर गवतात करून या.
झाडाखाली स्विंग करताना फांदी तुटली, पानं झडली आणि त्यामुळे तुमच्या स्विंगला जागा मोकळी झाली, तर तोही दंड. आधी हळू हलवून बघा क्लब कुठपर्यंत जातो.

टप्पा ५: आत जाणं, आधी क्लबफेस मग पाय

सगळ्यात जास्त चूक इथे होते म्हणून सावकाश वाचा.

नजर खुणेवर ठेवून बाजूनं, जरा तिरकं चालत बॉलकडे या. उजवा पाय पुढे, क्लब उजव्या हातात किंवा दोन्ही हातात, जसं सवयीचं असेल तसं. पाय अजून कुठेही रोवायचे नाहीत. पहिल्यांदा क्लबफेसची खालची कडा बॉलच्या मागे ठेवा आणि ती खुणेला काटकोनात लावा. वरची कडा बघू नका, ती गोल असते, फसवते. फेस लागला की त्याच्याभोवती अंग जुळवा, डावा पाय, मग उजवा.

पायांचा अंदाज माझा असा आहे. दोन्ही पाय जवळ घेऊन बॉल मधोमध ठेवायचा. वेजला (जवळच्या, उंच शॉटचा क्लब) डावा पाय छोटं पाऊल डावीकडे आणि उजवा तेवढाच उजवीकडे, बॉल मध्येच राहतो. सात नंबरला उजवा जरा जास्त. ड्रायव्हरला (सगळ्यात लांब मारणारा क्लब) डावा जेमतेम हलतो आणि उजवा मोठं पाऊल घेतो, मग बॉल डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला येतो. दर वेळी असं केलं की बॉलची जागा आपोआप तीच येते, वेगळी तपासावी लागत नाही.

ग्रिप आधीच नीट धरलेली असू द्या, बॉलवर उभं राहून बोटं हलवली की फेस फिरतो. किती घट्ट धरायचं? पिकलेला चिकू बाजारात दाबून बघतो तेवढंच. ताण आला की आधी हात घट्ट होतात, मग खांदे.

तपासा: रेंजवर मित्राला मागे उभं करून फक्त एवढंच विचारा, "आधी क्लब ठेवला का पाय?" दहापैकी दहा वेळा क्लब आधी आला पाहिजे. बहुतेकांचे पहिल्या दिवशी चार-पाचच येतात.

सावध: मित्र रेंजवर मागे उभा राहील, कॅडी कोर्सवर नाही. तुम्ही स्टान्स घ्यायला सुरुवात केल्यावर कॅडी मुद्दाम तुमच्या मागे लाइनवर उभा राहून "थोडं डावीकडे सर" म्हणू शकत नाही, २०१९ पासून त्याला दोन स्ट्रोक दंड आहे. तो चुकून तिथे असेल तर तुम्ही मागे सरका, त्याला बाजूला होऊ द्या, मग परत उभे राहा, तर दंड नाही. आपल्याकडे कॅडीला लाइन दाखवायची सवय असते आणि तो मदतच करत असतो, त्यामुळे मॅच असेल तर पहिल्या टीवरच त्याला प्रेमानं सांगून ठेवा.

टप्पा ६: दोनदा बघा, श्वास सोडा, मारा

पाय रोवल्यावर टार्गेटकडे दोनदा बघा. मान उचलू नका, नुसती फिरवा. पहिल्यांदा खुणेवरून टार्गेटपर्यंत नजर न्या आणि परत आणा, दुसऱ्यांदा नुसतं टार्गेट. क्लब जरा हलता ठेवा, दोन-तीन इंच, हात गोठू नयेत म्हणून. दुसऱ्यांदा नजर बॉलवर आली की श्वास सोडा आणि सुरू करा.

शेवटच्या नजरेनंतर दोन-तीन सेकंदांत स्विंग सुरू व्हायला पाहिजे. त्याहून जास्त थांबलात की टार्गेट डोक्यातून पुसलं जातं आणि त्या जागी कोपर, कंबर, पाणी हे सगळं येतं. मी उभा राहिलेल्या माणसाकडे बघून सांगू शकतो की बॉल कसा लागणार, सहा-सात सेकंद पुतळा झाला की बहुतेक वेळा जमिनीत किंवा उजवीकडे.

डोक्यात एकच विचार ठेवा, आणि तो कसं वाटलं पाहिजे असा असू द्या, "सावकाश वर" किंवा "फिनिश". काही जण आकडे मोजतात, एक वर जाताना, दोन खाली येताना. मला ते चालतं. दोन विचार नकोत.

मधेच काही झालं तर: परत जा

टिटवी ओरडली, कुणाचा फोन वाजला, शेजारच्या होलवरून "फोर!" (बॉल येतोय, सांभाळा) आलं, किंवा मनातच शंका आली. आपण काय करतो? जरा थांबतो, परत बॉलकडे बघतो आणि मारतो, कारण मागे सरलो तर बाकीचे काय म्हणतील. मागे सरा. आणि नुसते पाय उचलून परत ठेवू नका, रेघेच्या मागे जा, खूण परत शोधा, आत या. आवाज झाला असेल तर टप्पा ३ पासून, क्लबबद्दल शंका असेल तर बॅगजवळ टप्पा २ पासून. ह्याला दहा-बारा सेकंद जास्त लागतात, हरवलेला बॉल शोधायला नियमानं तीन मिनिटं आहेत आणि ती आपण सगळीच्या सगळी वापरतो.

वेळेचं बोलायलाच हवं, कारण रुटीन म्हटलं की लोकांना संथ खेळ वाटतो. नियमात सल्ला दिलाय की तुम्हाला अडथळ्याशिवाय खेळता येऊ लागल्यापासून ४० सेकंदांत शॉट मारावा, आणि शक्यतो त्याच्याही आत. वरचं सगळं नीट बसलं की टप्पा ३ ते ६ मिळून पंचवीस सेकंदांत होतं, टप्पा १ दुसऱ्यांच्या पाळीत झालेला असतो. उलट हिशोब करा, नव्वद शॉट मारणाऱ्यानं दर शॉटला २० सेकंद वाया घालवले तर अर्धा तास, आणि चौघांनीही घालवले तर दोन तास. मागच्या फोरबॉलला हे बघत उभं राहावं लागतं.

पटिंगचं रुटीन: तोच क्रम, वेगळी कामं

ग्रीनकडे चालत येतानाच बघायला सुरुवात करा, लांबून उतार जास्त चांगला दिसतो. पाऊस पडला तर पाणी कुठून कुठे वाहील हा प्रश्न स्वतःला विचारा, उत्तर लगेच मिळतं. मग बॉलच्या मागून, आणि जमल्यास उताराच्या खालच्या बाजूनं एकदा. आपल्याकडच्या ग्रीनवर बऱ्याच ठिकाणी हरळीच्याच जाती असतात आणि तिचं गवत एका दिशेला झुकलेलं असतं, गवत चकाकतंय तर ते तुमच्यापासून लांब झुकलंय आणि बॉल जोरात जाईल, गडद दिसतंय तर तुमच्याकडे झुकलंय आणि बॉल अडेल. संध्याकाळी हा फरक जास्त जाणवतो.

वेग आधी ठरवा, लाइन नंतर. जोरात मारलेला पट (ग्रीनवरचा घरंगळता शॉट) कमी वळतो, हळू मारलेला जास्त, म्हणजे वेग ठरल्याशिवाय लाइनच ठरत नाही. "सर, एक कप डावीकडे" (होलच्या एका रुंदीइतकं) असं कॅडी सांगतो तेव्हा त्याच्या मनात त्याचा वेग असतो. विचारून घ्या, होलमध्ये मरत जाणारा की फूटभर पुढे जाणारा.

बॉलवर रेघ आखून ती लाइनवर ठेवायला परवानगी आहे, मी करतो, पण तीन वेळा ठेवून बघितली आणि बसली नाही तर सोडून द्या. होलचा व्यास १०८ मिलिमीटर. दहा फुटांवरून पटरचा फेस १ अंश चुकला तर बॉल साधारण ५३ मिलिमीटर बाजूला जातो, म्हणजे होलची अर्धी रुंदी तिथेच संपली. म्हणून इथेही तेच, आधी पटरचा फेस बॉलपुढे वीतभर अंतरावरच्या खुणेला लावा, मग पाय.

प्रॅक्टिस स्ट्रोक होलकडे बघत करा, बॉलकडे नाही, अंतर हाताला तेव्हाच कळतं. मग उभे राहा, एकदा होल बघा, नजर बॉलच्या मागच्या भागावर आणा आणि तिथेच दोन सेकंद स्थिर ठेवा, मारा. नजर स्थिर ठेवण्यावर कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाच्या जोन विकर्स ह्यांनी पटिंग करणाऱ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजून बरंच काम केलंय, चांगल्या खेळाडूंची नजर शेवटी बॉलवर जास्त वेळ टिकते आणि कच्च्या खेळाडूंची क्लब, बॉल, होल अशी फिरत राहते. बॉल गेल्यावरही क्षणभर खालीच बघा.

दोन फुटांचा पट असला तरी हेच. एका हातानं आडवा मारलेला दोन फुटी पट चुकलेला मी किती वेळा बघितलाय, आणि मग पुढच्या टीवर राग बरोबर जातो.

रेंजवर बसवायचं कसं

पहिला आठवडा: फक्त टप्पा ५. बॉल मारायचा नाहीच म्हटलं तरी चालेल. मागून या, फेस लावा, पाय ठेवा, मागे जा, परत या. घरी गच्चीवर किंवा हॉलमध्ये फरशीच्या रेघेवर रोज वीस वेळा. कंटाळवाणं आहे, मला माहीत आहे.

दुसरा आठवडा: टप्पा ३ जोडा. रेंजवर पन्नास बॉलची बकेट घ्या आणि बॉल आपल्यापासून पाच पावलं लांब ठेवा. प्रत्येक बॉल आणायला जावं लागलं की आपोआप मागून यावं लागतं. बॉल पायाशी ओढत एकामागोमाग मारणं हीच ती सवय जी कोर्सवर घात करते, कारण तिथे निशाणा एकदाच लावलेला असतो आणि पन्नास बॉल त्याच पायांवर मारलेले असतात.

तिसरा आठवडा: दर बॉलला क्लब आणि टार्गेट बदला. मनातल्या मनात आपला नेहमीचा कोर्स खेळा, पहिल्या होलला ड्रायव्हर, मग आठ नंबर, मग वेज. मित्राला फोनवर वेळ लावायला सांगा, खूण शोधल्यापासून बॉल लागेपर्यंत. एका शॉटला १२ आणि दुसऱ्याला २३ सेकंद येत असतील तर रुटीन अजून बसलेलं नाही. दोन-तीन सेकंदांच्या आत फरक आला की बसलं.

चौथा आठवडा: कोर्सवर. स्कोअरकार्डावर एक रिकामी ओळ घ्या, आणि ज्या शॉटला कुठलातरी टप्पा सुटला किंवा शंका घेऊन मारला त्या शॉटचा एक ठिपका त्या होलखाली द्या. शॉट चांगला लागला तरी ठिपका द्यायचा, वाईट लागला पण रुटीन पूर्ण होतं तर द्यायचा नाही. माझे पहिल्या राउंडला ४१ ठिपके आले होते. राउंडनंतर ठिपके कुठे जमलेत ते बघा, बहुतेकांचे तीनच ठिकाणी जमतात: वाईट शॉटच्या लगेच पुढचा शॉट, चिपिंग (ग्रीनजवळचे छोटे शॉट), आणि शेवटचे तीन होल. पुढच्या आठवड्याची प्रॅक्टिस त्याच जागेवर करा.

पावसाळ्यात एक टप्पा वाढतो. जून ते सप्टेंबर क्लब कोरडा करणं रुटीनमध्ये घ्या, टप्पा २ आणि ३ च्या मध्ये, ग्रिप आणि फेस दोन्ही पुसायचे, टॉवेल छत्रीच्या काड्यांना आतून लटकवला तर कोरडा राहतो. ओला ग्लोव्ह घालून पुसलेली ग्रिप धरण्यात काही अर्थ नाही, म्हणून दोन-तीन ग्लोव्ह प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि दर पाच-सहा होलनंतर बदला.